‘ऑर्डरप्रमाणे गाणी लिहून मिळतील’

सध्या एक पोस्ट ग्रुपाग्रुपांतून फिरतेय. तिचा सारांश असा: जुनी अमेरिकन गाणी एकेका माणसाच्या काळजातून यायची, आता एका गाण्याला दहा-अकरा गीतकार लागतात, तेव्हा गाणं स्वतःच्या गुणांवर चालायचं, आता जाहिरातीवर, तेव्हाचे गायक स्वतःचं लिहून गायचे, आणि पैसा शिरला तसा सगळा नास झाला. काळजातून आलेल्या गाण्याचा नमुना म्हणून स्टीफन फॉस्टर यांचं ‘ओल्ड फोक्स अ‍ॅट होम’ दिलंय. जुनी गाणी मीही ऐकतो, पण ही पोस्ट मात्र गळी उतरत नाही.

फॉस्टरपासूनच सुरुवात करू. हे गाणं १८५१ सालचं. सुवानी नदीकाठच्या घराच्या आठवणीने त्यात जीव कासावीस होतो. मूळ खर्ड्यात ही नदी नव्हतीच, ‘पीडी’ होती. ती कानाला रुचेना, तेव्हा भावाबरोबर नकाशाचं पुस्तक उघडून फ्लोरिडातली सुवानी शोधून काढली आणि चालीत बसावी म्हणून तिचं ‘स्वानी’ केलं. पिट्सबर्गच्या या गृहस्थांनी ती नदी पाहिलेलीसुद्धा नव्हती. गाणं लिहिलं मिन्स्ट्रेल खेळांसाठी, म्हणजे गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची नक्कल करत त्या तमाशासाठी. त्यात मळ्यावरच्या घरासाठी झुरणारा काळा माणूस हे गोऱ्या प्रेक्षकाला सोयीचं चित्र होतं. आणि पैशाचं म्हणाल, तर पहिल्या छापील प्रतीवर गीतकार-संगीतकार म्हणून नाव होतं खेळाचे मालक ई. पी. क्रिस्टी यांचं. पैसे घेऊन फॉस्टरनी ते लावू दिलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी पत्र लिहून नाव परत मागितलं. क्रिस्टींनी दाद दिली नाही. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात फॉस्टर वारले तेव्हा पाकिटात ३८ सेंट होते. पैसा नंतर शिरला म्हणणाऱ्यांनी हे पाकीट बघावं. पैसा पहिल्यापासून होताच, फक्त लिहिणाऱ्याच्या खिशात नव्हता.

आता काळजाची गोष्ट. मिलवॉकीत चार्ल्स हॅरिस नावाच्या बँजोवाल्याने दुकानावर पाटीच लावली होती: ऑर्डरप्रमाणे गाणी लिहून मिळतील. त्याला नोटेशन येत नव्हतं. तो चाल गुणगुणायचा, दुसरा कुणीतरी ती कागदावर उतरवायचा. १८९२ चं त्याचं ‘आफ्टर द बॉल’ छापील प्रतींच्या रूपात लाखांनी खपलं. आयर्विंग बर्लिनसारखा अस्सल प्रतिभेचा गीतकार-संगीतकार पियानोवर मुख्यतः काळ्या पट्ट्यांतच वाजवू शकायचा. दांडा सरकवला की सूर वर-खाली होईल असा खास पियानो त्याने ठेवला होता आणि नोटेशन लिहायला पगारी माणसं. कव्हरवर मात्र नाव एकट्याचं.

गुणांवर चालायचं म्हणता? हॅरिसने एका नावाजलेल्या गायकाला पैसे आणि विक्रीतला वाटा कबूल करून आपलं गाणं रंगमंचावर म्हणायला लावलं, तिथून ते उचललं गेलं. न्यूयॉर्कच्या पश्चिम २८व्या रस्त्यावर, ज्याला पुढे ‘टिन पॅन अ‍ॅली’ म्हणू लागले तिथे, प्रकाशकांची दुकानं खेटून होती आणि प्रत्येकाकडे ‘प्लगर’, म्हणजे गाणी खपवणारी माणसं, असायचे. दिवसभर गिऱ्हाइकांना गाणी वाजवून दाखवायची, रात्री नाटकगृहात प्रेक्षकांत बसायचं आणि ठरलेल्या गाण्याचं ध्रुवपद आलं की आपसूक सुचल्यासारखा सूर मिसळायचा. बाकीचं थिएटर मागोमाग गाऊ लागे. भाडोत्री उत्स्फूर्तता म्हणा हवं तर! पुढे मोठा संगीतकार झालेला जॉर्ज गर्श्विन १९१४ मध्ये पंधराव्या वर्षी रेमिक या प्रकाशनाकडे आठवड्याला १५ डॉलरवर याच कामाला लागला होता.

गायक स्वतः लिहायचे, हे मुख्यतः १९६० नंतरच्या काही मोठ्या नावांपुरतं खरं आहे. त्याआधी लिहिणारा वेगळा, गाणारा वेगळा ही सर्रास रीत होती. ब्रॉडवेवर १६५० क्रमांकाच्या इमारतीत ‘अल्डन म्युझिक’मध्ये तरुण लेखक-संगीतकारांच्या जोड्या पियानो मावेल एवढ्याच खुराड्यांत बसून रोज गाणी पाडत. कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन त्यांतलेच. ‘शिरेल्स’ या गायिकांच्या गटाने गायलेलं त्यांचं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ (उद्याही माझ्यावर प्रेम करशील का?) हे गाणं १९६१ च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा किंग अठरा वर्षांची होती. इतक्या नाजूक शंकेचं गाणं अशा कारखान्यातून आलं, यातच पोस्टीतला ‘काळीज विरुद्ध कारखाना’ हा झगडा निकालात निघतो.

राहिली अकरा नावं. हे निरीक्षण खरं आहे, आज श्रेयनामावली लांबतेच. पण का? ‘अपटाउन फंक’ या अलीकडच्या गाजलेल्या गाण्यावर आधी सहा नावं होती. गॅप बँड या जुन्या गटाच्या बाजूने दावा आला, की ते त्यांच्या जुन्या गाण्याशी जुळतं, आणि २०१५ मध्ये आणखी पाच जोडली गेली. म्हणजे ही अकरा माणसं एका खोलीत बसून ओळी जुळवत नव्हती. त्यांतली पाच जुन्या गाण्याच्या हक्कापोटी आली. याच्या उलट १९५६ चं ‘डोन्ट बी क्रूएल’ पाहा. लिहिलं ओटिस ब्लॅकवेल यांनी. गाणं एल्विसने गावं म्हणून त्यांना श्रेयात एल्विसचं नाव घ्यावं लागलं आणि कमाईतला हिस्साही सोडावा लागला. तिथे नावं दोनच आहेत, पण मला ती अकरा नावं जास्त प्रामाणिक वाटतात.