आईच्या गोळ्यांचा डबा

आई निपाणीची. रक्तदाबाचं औषध कित्येक वर्षं कोल्हापूरच्या डॉक्टरांचं. गेल्या वर्षी ती माझ्याकडे बेळगावला, शहापुरात राहायला आली आणि मी तिला इथल्या नव्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत काय घेतलं? आधार कार्ड आणि पैसे. "कुठली गोळी चालू आहे?" "बीपीची, पांढरी, बारीक." त्यांनी नवी लिहून दिली. आई नवीही घ्यायची, जुनीही. चौथ्या दिवशी न्हाणीत चक्कर येऊन पडली. दोन्ही पाकिटांच्या पाठीमागे बारीक अक्षरात एकच नाव होतं, टेल्मिसार्टन. कंपन्या दोन, औषध एकच. पाकीट दाखवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

म्हणून कळकळीने सांगते, नव्या डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री गोळ्यांचा डबा चटईवर रिकामा करा. नाव कापलं गेलेली पाकिटं नकोत, पूर्ण पाकीट न्या. काढे, चूर्णं, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली गुडघेदुखीची गोळीसुद्धा. तिनेही रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सगळ्यात आधी सांगा. जुन्या ईसीजीची झेरॉक्स काढून ठेवा, त्या कागदावरची शाई काही वर्षांत उडते.

आणि बोली. आपल्याकडे तपासणारे डॉक्टर बरेचदा कन्नडभाषक असतात. त्यांनी विचारलं, "एदे नोवु?" म्हणजे छातीत दुखतं का? आई म्हणाली, नाही. कारण तिच्या छातीत दुखत नव्हतं, "भरून यायचं". मी घाईत मध्ये पडून हिंदीत गॅस म्हणून सांगितलं. हृदयाचा त्रास कित्येकदा दुखण्यासारखा नसतोच, दडपण असतं, धाप असते, बायकांमध्ये तर जास्तच. पुढे तपासण्या नीट निघाल्या, पण तो माझा शब्द मला अजून टोचतो. आता आई जे म्हणते ते मी तिच्याच शब्दांत वहीत उतरवते आणि ते कन्नडमध्ये कसं सांगायचं हे कन्नड येणाऱ्या शेजारणीकडून नीट समजून घेते.

एक गोष्ट मात्र इतक्या वर्षांत कुणी विचारली नाही, आम्हीही सांगितली नाही. आईने ऐन उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. ती धूळ, तो खोकला. शिवाय मिशरी, जी आपल्या बायका डॉक्टरांपुढे लपवतात.

येत्या मंगळवारी छातीच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जायचं आहे. वहीच्या पहिल्या ओळीत मी वखार लिहिली. मिशरी लिहायला आईनेच सांगितलं.