शाळा बंद पाडायची सोपी रीत

गावातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा बंद पाडायची असेल तर भाऊ, मोर्चा-बिर्चा काढू नका. मोर्चाने शाळा वाचायची भीती असते. तुम्ही गुपचूप आपल्या पोऱ्याचा दाखला काढा आणि सकाळी सातला पारावर पिवळ्या गाडीची वाट बघा. गाव रावेरकडचं असेल तर पोऱ्या केळीच्या बागा ओलांडत तालुक्याला जाईल आणि तिथे तक्त्यावर बोट ठेवून 'बनाना' शिकून येईल. घरात गावची बोली, शाळेत इंग्रजी. मधली मराठी आपोआप गळते.

आता थोडं गणित. 2009 च्या कायद्याने पहिली ते पाचवीला 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक, 61वं आलं की तिसरा. तेव्हा पट 63 असेल तर तीनच दाखले पुरे. तिसरे गुरुजी 'अतिरिक्त' होऊन दुसऱ्या गावी जातील. उरले दोन गुरुजी, वर्ग पाच. त्यातले एक मतदार यादी घेऊन दारोदार, दुसरे डोक्यामागे 100 ग्रॅम तांदळाचा हिशेब जुळवत बसलेले. ही वेळ साधा. पारावर बसून म्हणा, "शिकवतंच कोण तिथं?" पुढच्या जूनला आणखी दहा दाखले निघतील. (गुरुजींची स्वतःची पोरंही त्याच पिवळ्या गाडीत दिसतील. त्यांना हसू नका, सरकवून जागा द्या.)

ग्रामसभेत एखाद्या चौथीच्या पोराला उभं करून भागाकार विचारा. कापूस वेचणीत त्याचे पंधरा दिवस बुडालेत, हे विचारायचं नाही. आपल्या पोऱ्याला मात्र भागाकार विचारू नका. त्याची फी भरलेली आहे.

खोटी नावं घालून पट फुगवायचे दिवस गेले. 2011 च्या पटपडताळणीत पोरांच्या बोटाला शाई लावली होती, आता आधार जुळवतात. नावातली वेलांटी चुकली तर समोर बसलेलं पोरही मोजणीतून जायचं. तुमचं काम तेवढंच हलकं.

पट 20 च्या आत आला की गप्प बसू नका, खवळा. 2023 साली अशा लहान शाळा मिळवून एकच समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवताना शिक्षण खात्याने आपल्याच खान्देशातल्या तोरणमाळचं उदाहरण दिलं होतं. "गरिबांच्या पोरांनी जायचं कुठं?" असं निवेदन लिहा, खाली पहिली सही तुमची.

मग रिकाम्या खोलीत कापूस भरता येईल. फक्त गाडीवाल्याने दिवाळीनंतर भाडं वाढवलं, तर पायी जाता येईल अशी शाळा जवळपास कुठे आहे, ते आधीच विचारून ठेवा.