खुलासा : 'कॉम्प्टन' म्हणजे 'डिटॉक्स' नव्हे

अमेरिकन रॅपर डॉ. ड्रे १६ वर्षे संगीत सोडून घरी बसले होते आणि २०१५ साली 'डिटॉक्स' हाच कित्येक वर्षे रखडलेला, कधीच प्रसिद्ध न झालेला जुना अल्बम त्यांनी 'कॉम्प्टन' या नावाने बाजारात आणला, असा संदेश रत्नागिरी-चिपळूणकडील तरुणांच्या मोबाईलवर सध्या फिरत आहे. त्यातील १६ वर्षांचा आकडा तेवढा निराधार नाही, कारण त्यांचा आधीचा अल्बम '२००१' हा, नाव काहीही सांगत असले तरी, नोव्हेंबर १९९९ मध्ये आला होता आणि 'कॉम्प्टन' ऑगस्ट २०१५ मध्ये.

मात्र या काळात ते संगीतापासून दूर नव्हते. २००३ मध्ये फिफ्टी सेंट या रॅपरच्या पहिल्या मोठ्या अल्बमच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, रॅपर एमिनेमच्या २००९ च्या 'रिलॅप्स' या अल्बममधील बहुतेक गाण्यांचे संगीत त्यांचे होते आणि २०११ मध्ये ते स्वतः एका गाण्यात रॅप करताना ऐकू आले. आपल्याकडे जाखडीचा एखादा शाहीर काही वर्षे स्वतः उभा न राहता चेल्यांची गाणी बसवत राहिला, तर त्याने जाखडी सोडली असे गावात कोणी म्हणत नाही.

'डिटॉक्स' आपल्यालाच पसंत पडला नाही म्हणून तो रद्द केला, असे ड्रे यांनी २०१५ मध्ये आपल्या रेडिओ कार्यक्रमात सांगितले. 'कॉम्प्टन'ची प्रेरणा 'एन.डब्ल्यू.ए.' या त्यांच्या जुन्या रॅप गटावरील चित्रपटाच्या चित्रीकरणातून मिळाली. नावामागचे 'डॉ.' हे वैद्यकीय नाही, हेही ओघाने सांगून ठेवतो.