गॅस बंद करा म्हणणं सोपं, पण शंभर युनिटचा स्लॅब?

लेखात म्हटलंय की घरं, हॉटेलं सगळी गॅसवरनं विजेवर न्या, मुद्दा पटतो पण कोल्हापुरात बसून बघितलं तर गणित जरा वेगळं दिसतंय. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता साधारण १८० युनिट विजेइतकी, त्यातली निम्मीच भांड्याला लागते बाकी किचन तापवते, इंडक्शनवर तेवढाच स्वयंपाक शंभर-सव्वाशे युनिटात होतो. झकास! पण महावितरणचं बिल शंभर युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटला दर लय वाढतो, म्हणजे गॅस सोडणाऱ्यालाच फटका. आधी हे बघा की राव. छतावर सोलर बसवला तर जमेल, ३ किलोवॅटला केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे, पण अपार्टमेंटवाल्यानं काय करायचं, टेरेस सगळ्यांचं, मीटिंगमध्ये पार्किंगवरनं भांडणं मिटेनात तिथं सोलर कुठला.

माझ्या मते सुरुवात पाण्यापासनं करावी. अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या लॉजना पहाटेपासनं गरम पाणी लागतं, तिथं हीट पंप बसवा, तो हवेतली उष्णता ओढून घेतो त्यामुळं एका युनिटात तीनेक युनिटचं काम करतो. साधा गीझर एकाला एकच.

आणि भाकरी? तव्यावरनं काढून जाळावर टाकली की ती कशी टम्म फुगते, इंडक्शनवर जाळ कुठनं आणायचा? आमच्या आईला हे पटवायला लेखकानं स्वतः यावं, तांबड्या रश्श्याची सोय आम्ही करतो. वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे हेबी लेखात यायला पाहिजे होतं.