पेशंटबरोबर कोण आहे?

मोठ्या दवाखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर पदांची उतरंड टांगलेली असते. अध्यक्ष, विश्वस्त, वैद्यकीय संचालक, अधीक्षक, मेट्रन, विभागप्रमुख आणि मग बारीक अक्षरात बाकीचे. ज्याच्या जिवावर हा सगळा डोलारा उभा असतो ते पद मात्र कुठल्याच फलकावर नसतं. ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ असा पुकारा झाला की जो खुर्चीवरून ताडकन उठतो, तो. नातेवाईक. याला पगार नाही, गणवेश नाही, साप्ताहिक सुट्टी नाही. अनुभवाची अट नाही, उलट डिपॉझिट भरून घेऊन नेमणूक होते. फार्मसीतून सलाइन आणणं, लॅबमध्ये रक्ताची नळी पोचवणं, फाइल या मजल्यावरून त्या मजल्यावर नेणं, ‘सर राउंडला आलेत का’ याची बित्तंबातमी ठेवणं ही सगळी कामं त्याचीच. उद्या राज्यातल्या समस्त नातेवाइकांनी संप पुकारला, तर दुपारच्या आत शस्त्रक्रिया बंद पडतील.

आमच्या घरातून या पदावर माझी निवड बिनविरोध झाली. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची कंबर धरली होती आणि डाव्या पायाला मुंग्या येत होत्या. मेहुणा बंगळुरूला, बायकोचं ऑडिट चाललेलं, आणि ‘ते काय, घरीच असतात’ हे माझ्या वर्क फ्रॉम होमबद्दल सासूबाईंचं ठाम मत. जावई हा दहावा ग्रह असतो म्हणे. हे ज्याने म्हटलं त्याने लिफ्टच्या दारात लघवीचा नमुना हातात धरून उभा असलेला ग्रह पाहिला नसावा.

अण्णा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. शिरूर डेपोत खिडकीमागे बसून त्यांनी उभी हयात गाड्या सोडल्या. त्यामुळे लग्न असो, मोर्चा असो की मयत, कुठेही चार माणसं गोंधळलेली दिसली की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला: “इथला कंट्रोलर कोण?” दवाखान्यात त्यांना तो सापडेना. कंबरेपेक्षा याचाच त्रास त्यांना जास्त झाला.

हाडांच्या डॉक्टरांनी पाय उचलून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली आणि कागदावर लिहिलं: कंबरेचा एक्स-रे, एम.आर.आय. एल.एस. स्पाइन. मग अण्णांचं वय बघून खाली एक ओळ वाढवली: सोनोग्राफी के.यू.बी. (म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत सगळं) आणि प्रोस्टेट. “खाली रेडिऑलॉजीत जा,” म्हणाले.

रेडिऑलॉजी बहुतेक ठिकाणी खालीच असते. त्याला कारण आहे. एम.आर.आय.चं चुंबक काही टनांचं असतं, ते तिसऱ्या मजल्यावर चढवायचं म्हणजे आधी इमारतीला विचारावं लागतं. एक्स-रेच्या खोलीला जाड भिंती आणि शिसं भरलेलं दार लागतं. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय यंत्र चालवता येत नाही. हे सगळं मान्य. पण तिथे जायची वाट फार्मसी, कँटीन आणि गणपतीच्या छोट्या मंदिरावरून का जाते, याचं उत्तर नियामक मंडळाकडेही नसेल.

खाली पोचल्यावर कळलं की आधी वर जायचं असतं. वर नोंदणी, मग बिलिंग, मग पावती घेऊन खाली. बिलिंगच्या खिडकीतल्या मॅडमना अण्णांनी विचारलं, “खालीच पैसे का घेत नाही?” त्या म्हणाल्या, “तो विभाग आमचा नाही, काका.” इथे मला पहिल्यांदा या वास्तूचं खरं स्वरूप कळलं. दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा. एम.आर.आय. सेंटर एका कंपनीला चालवायला दिलेलं. फार्मसी दुसऱ्याची. निळ्या गणवेशातले सिक्युरिटीवाले तिसऱ्या एजन्सीचे, सफाईच्या मावशी चौथ्या एजन्सीच्या. ट्रॉली ओढणारे मामा कंत्राटी, आणि त्यांचं कंत्राट महिनाअखेरीस संपणार म्हणून त्यांचा जीव ट्रॉलीत नव्हता. एकाच छताखाली पाच मालक, आणि पाचही मालकांमधला एकमेव दुवा म्हणजे हातात पिवळी पावती धरलेला मी.

अण्णांना मात्र हे लगेच उमगलं. “शिवशाही,” ते म्हणाले. “गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर आपला. आणि बंद पडली की शिव्या कंडक्टरला.” बिलिंगच्या मॅडमकडे त्यांनी एकदम सहानुभूतीने बघितलं.

एक्स-रे लवकर झाला. टेक्निशियन पोरगा चटपटीत होता. छातीवर छोटा बॅज लावलेला. अंगावर किरणं किती पडली याची तो नोंद ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. “हलू नका, श्वास रोखा,” म्हणून पोरगा काचेमागे पळाला. अण्णा बाहेर आल्यावर म्हणाले, “आपल्याला आत ठेवून हा स्वतः बाहेर जातो, म्हणजे काय समजायचं?” त्यांना सांगितलं, की साधा छातीचा एक्स-रे काढला तर आठ-दहा दिवसांत निसर्गाकडून फुकट मिळतात तेवढेच किरण अंगावर पडतात. कंबरेला थोडे जास्त लागतात, पण तुम्ही एकदा आलात, तो दिवसभर हेच करतो. हे त्यांना पटलं. प्रवासी एकदा येतो, ड्रायव्हर रोजचा.

बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या मला एक्स-रे शोधणाऱ्या राँटगेनचा हेवा वाटायला लागला. १८९५च्या नोव्हेंबरात त्याला हे किरण दिसले आणि २२ डिसेंबरला त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला. यंत्र चालवणारा तोच, प्लेट धुणारा तोच, वाचणारा तोच. टेक्निशियन, डार्करूम असिस्टंट आणि रेडिऑलॉजिस्ट, सगळा विभाग एका माणसात. पावती नाही, टोकन नाही, ‘तो विभाग आमचा नाही’ हा प्रश्नच नाही. बिचाऱ्या बायकोला पंधराएक मिनिटं हात तसाच धरून बसावं लागलं, एवढंच. आणि लेखी निबंध त्याने दिला २८ डिसेंबरला. म्हणजे फोटो आज आणि रिपोर्ट सहा दिवसांनी, ही प्रथा या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे. पुढे १९०१ साली त्याला भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. आमच्या दवाखान्यात तो रिपोर्ट ‘संध्याकाळी सहानंतर’ मिळतो आणि कुणाला काही मिळत नाही.

सोनोग्राफीचा प्रकार वेगळा. एक्स-रे आणि एम.आर.आय. टेक्निशियन काढतो, डॉक्टर नंतर वाचतात. सोनोग्राफी मात्र आपल्याकडे डॉक्टरांनी स्वतःच करायची. शिवाय १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक यंत्राची नोंदणी, जागेची नोंदणी, डॉक्टरांची नोंदणी, आणि २०१२च्या नियमाप्रमाणे एका डॉक्टरची एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांत नोंदणी. कायदा हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. त्याचा प्रत्यक्षातला अर्थ एवढाच, की यंत्र आहे, जेल आहे, मावशी आहेत, पेशंट आहेत आणि डॉक्टर ‘निघालेत’.

“ब्लॅडर फुल लागेल,” सोनोग्राफीच्या दारातल्या मॅडम म्हणाल्या. “पाणी प्या. प्रेशर आलं की सांगा.”

अण्णांनी शिस्तीत पाणी प्यायलं. बाटली संपवून, घड्याळ बघून त्यांनी रीतसर रिपोर्टिंग केलं: “प्रेशर आलं.” मॅडम म्हणाल्या, “थोडं अजून येऊ द्या.” अजून आलं. तेवढ्यात कॅज्युअल्टीतून अपघाताचा एक पोरगा ट्रॉलीवरून आला आणि नुकतेच पोचलेले डॉक्टर त्याचं पोट बघायला धावले. त्याला आधी घेणंच बरोबर होतं. अण्णाही म्हणाले, “ॲम्ब्युलन्सला वाट दिलीच पाहिजे.” पण हे वाक्य त्यांनी मांडीवर मांडी घट्ट आवळून म्हटलं. समोरच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे’ असा फलक होता. अण्णांनी तो मराठीतून वाचला, इंग्रजीतून वाचला, अक्षरं मोजली, मग छताचे पंखे मोजले. शेजारी त्याच अवस्थेतले आणखी तीन पुरुष आणि एक आजी. कुणीच बोलत नव्हतं. शिंक आली तरी घात, असा तो बाक.

त्यातल्या एका काकांचा बांध फुटला आणि ते स्वच्छतागृहाकडे धावले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर स्वर्गीय समाधान होतं. मॅडमनी शांतपणे त्यांच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली. “पुन्हा पहिल्यापासून, काका.” हे बघून अण्णांनी डोळे मिटले आणि माझा हात धरला. लग्नातसुद्धा त्यांनी माझा हात इतक्या भावनेने धरला नव्हता.

शेवटी आत घेतलं. डॉक्टरांनी पाचेक मिनिटांत पडद्यावर सगळं मोजलं आणि म्हणाले, “छान. आता जाऊन लघवी करून या. मागे किती शिल्लक राहते ते बघायचंय.” अण्णा उठून असे गेले की कंबर दुखत असल्याची खूण कुठे दिसली नाही. निदान त्या क्षणी तरी हाडांचे डॉक्टर तिथे नव्हते हे बरं.

एम.आर.आय.च्या दारावर ‘चुंबक सदैव चालू’ असा फलक. हे धमकावण्यासाठी नव्हे, खरंच. त्या चुंबकाची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना बुडवलेली असते आणि दिवे गेले तरी चुंबकत्व जात नाही. १.५ टेस्लाचं यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट. म्हणून लोखंडी व्हीलचेअर आत चालत नाही, ऑक्सिजनचं नळकांडं तर नाहीच नाही. आत चालणारी खास व्हीलचेअर होती, पण तिचं चाक दुरुस्तीला गेलेलं. नुसतं चाक. खुर्ची कोपऱ्यात वाट बघत उभी होती. शेवटची दहा पावलं अण्णांना माझ्या खांद्यावर भार टाकून चालावी लागली, म्हणजे व्हीलचेअरचं पदही तूर्त माझ्याकडेच.

“आजोबा, पेसमेकर? स्टेंट? डोळ्यात कधी लोखंडाचा कण? अंगात गोळी, छर्रा?”

“एसटीत होतो,” अण्णा म्हणाले. “पोलिसात नव्हतो.”

मग अंगावरचा ऐवज उतरायला सुरुवात झाली. घड्याळ, चष्मा, मनगटातलं तांब्याचं कडं, बोटातली पोवळ्याची अंगठी (ती साबण लावून), चांदीचा करदोटा, दंडाला सासूबाईंनी बांधलेला ताईत. तांबं-चांदी चुंबकाला ओढली जात नाही, पण आतल्या रेडिओलहरींनी तापू शकते, म्हणून तीही बाहेर. शेवटी कवळी. ती माझ्या रुमालात, रुमाल माझ्या खिशात. कवळी निघाल्याबरोबर अण्णांच्या बोलण्यातले दंत्य वर्ण गळून पडले आणि टेक्निशियनला त्यांचं अवाक्षर कळेना. तेव्हा दुभाषा हे आणखी एक पद मला मिळालं. “ते विचारतायत, कंट्रोलर कोण?” मी सांगितलं. पोरगा म्हणाला, “कशाचा?”

अण्णांच्या हातात रबरी फुगा दिला, घाबरलात तर दाबा म्हणून. कानांवर हेडफोन. दार बंद. आतून ठक-ठक, घर्र-घर्र, मग मशीनगन चालल्यासारखा आवाज. दहा मिनिटांत फुगा दाबला गेला. पोरगा माइकवर धसकून म्हणाला, “आजोबा, काय होतंय?” स्पीकरमधून कवळीविना जे आलं ते मी ओळखलं: “याचा गिअरबॉक्स गेलाय. काम करून घ्या.”

संध्याकाळी सहानंतरचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. या विभागात सगळे दिसतात. वाचणारे डॉक्टर तेवढे दिसत नाहीत. ‘रिपोर्टिंगला आहेत’ एवढंच कळतं. रिपोर्टिंग म्हणजे अंधारी खोली, दोन मोठे पडदे आणि एकेका पेशंटच्या शेकड्यांनी प्रतिमा. बाहेरच्या गर्दीला वाटतं, डॉक्टर आत एसीत बसलेत. तेही खरंच आहे, एसी यंत्रांसाठी लागतोच. पण दिवसभर परक्यांचे मणके मोजणं हे काही सुखाचं काम नव्हे. आमच्या रिपोर्टाखाली तर वेगळ्याच शहरातल्या डॉक्टरांची सही होती. प्रतिमा रात्री तारेवरून तिकडे गेल्या आणि मजकूर तारेवरून इकडे आला. ज्याने अण्णांना आयुष्यात पाहिलं नाही, त्याने त्यांचा प्रत्येक मणका आतून पाहिला होता. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती सरकून नस दाबली जातेय, असं लिहून शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ करावं अशी पुस्ती. म्हणजे आम्ही चित्र बघितलं, माणूस तुम्ही बघा.

माणूस बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. “फिल्म आहेत ना?” म्हणाले. फिल्म नव्हत्या. कंपनीच्या सेंटरने सीडी दिली होती. डॉक्टरांच्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागा नव्हती. माझ्या लॅपटॉपलाही नव्हती. खाली गेलो, ते म्हणाले, फिल्म हवी तर वर वेगळे पैसे भरून पावती आणा. वर बिलिंगच्या मॅडम अण्णांकडे बघून हसल्या. आता त्यांची ओळख झाली होती. अण्णांनी विचारलं, “तुमच्याकडे गाडीचं ब्रेकडाउन झालं तर कळवायचं कुणाला?” त्या म्हणाल्या, “नातेवाइकाला.”

फिल्म आल्या. डॉक्टरांनी त्या उजेडासमोर धरल्या, एकदा उलट्या, एकदा सुलट्या. “वयाच्या मानाने उत्तम,” म्हणाले. जमिनीवर बसू नका, वजन उचलू नका, कंबरेचे व्यायाम करा, गोळ्या पंधरा दिवस. ऑपरेशन नको. सासूबाईंनी ताईत पुन्हा बांधला आणि सगळं श्रेय त्याला दिलं.

सीडी त्यांनी दोरी ओवून गॅलरीत टांगली आहे. कबुतरं येईनाशी झालीत. शेजारच्या काकू विचारत होत्या, अशी कुठे मिळते.