गाडी किती देते, आणि किती दिवस उभी राहते: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या प्रतापनगरातील पाच जणांच्या एका कुटुंबाने ११ वर्षे वापरलेली डिझेल सेडान काढून पुढची गाडी कोणती घ्यावी, असे विचारले होते, आणि त्यांना मी टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनाची, चार मीटरच्या आतली गाडी, तीन मॉडेलांचे पर्याय देऊन, सुचवली होती. त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे की, आजच्या काळात पेट्रोल गाडी सुचवणे म्हणजे वाचकांना मागे नेणे आहे. इलेक्ट्रिक गाडीचा खर्च इतका कमी असताना मी तो नीट मांडला नाही. गाड्या आता सगळ्याच चांगल्या झाल्या असून वॉरंटी सर्व काही भरून देते, त्यामुळे विश्वासार्हतेची चर्चा जुनी झाली. आणि अपघात-चाचणीत मिळणाऱ्या सुरक्षिततेच्या स्टारऐवजी मी सीटच्या उंचीवर आणि डिकीवर परिच्छेद खर्च केले. आपण स्वतः वर्षभरापासून इलेक्ट्रिक गाडी वापरता आणि समाधानी आहात, म्हणून आपल्या म्हणण्याला अनुभवाचे वजन आहे. म्हणूनच उत्तर सविस्तर देतो.

खर्चापासून सुरुवात करू, कारण तेथे आपल्यात मतभेद दिसतो त्यापेक्षा कमी आहे. आपण महिन्याला सुमारे १,५०० किलोमीटर गाडी चालवता, म्हणजे वर्षाला १८,०००. पेट्रोल गाडीचे प्रत्यक्ष एव्हरेज १५ धरले आणि पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरले, तर वर्षाचा खर्च १,२४,८०० रुपये होतो. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधील गळती धरून एका युनिटला ६ किलोमीटर चालते असे मानू आणि घरच्या विजेचा दर १२ रुपये धरू, तर तेवढ्याच अंतराला ३६,००० रुपये लागतात. वर्षाला सुमारे ८९,००० रुपयांची बचत झाली. आपण ज्या दोन गाड्यांची तुलना केली आहे, त्यांच्या ऑन-रोड किमतीत (कर आणि विमा धरून) आपल्याच म्हणण्यानुसार ३ लाखांचा फरक आहे. तो साडेतीन वर्षांच्या आतच भरून निघतो. आपला निर्णय योग्य आहे, आणि आपल्याइतके फिरणाऱ्या, स्वतःचे आवार असलेल्या कोणालाही मी हेच सांगेन.

परंतु ते कुटुंब वर्षाला जेमतेम ६,००० किलोमीटर फिरते. ते तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतात, गाडी उघड्या पार्किंगमध्ये लागते आणि तेथे विजेचा पॉइंट नाही. सोसायटीने परवानगी दिली, केबल आणि स्वतंत्र मीटर बसले असे गृहीत धरले, तरी त्यांचा पेट्रोलचा खर्च ४१,६०० आणि विजेचा १२,००० रुपये, म्हणजे बचत वर्षाला साडेएकोणतीस हजार. तेच तीन लाख भरून निघायला दहा वर्षे लागतील. सोसायटीने नकार दिला आणि बाहेरच्या चार्जरवर युनिटला २२ रुपयांच्या आसपास मोजावे लागले, तर तीच मुदत पंधरा वर्षांवर जाते. यात कर्जावरचे व्याज मी धरलेलेही नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तर इलेक्ट्रिक गाड्यांवरचा ५ टक्क्यांवर आधीपासूनच होता. त्यामुळे छोट्या गाड्यांच्या बाबतीत किमतीतली दरी पूर्वीपेक्षा रुंदावली आहे. आरटीओचा कर इलेक्ट्रिक गाडीला माफ असतो आणि १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के लागतो, हे खरे. पण आपला ३ लाखांचा आकडा ऑन-रोड किमतीचा असल्याने तो लाभ त्यात आलेलाच आहे.

आता विश्वासार्हता. या शब्दाचा अर्थ आपण ‘गाडी बिघडत नाही’ असा घेतला आहे, आणि त्या अर्थाने पाहिले तर आजच्या गाड्या खरोखरच वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांपेक्षा सरस आहेत. पण ज्या घरात एकच गाडी आहे, त्या घराने प्रश्न वेगळा विचारला पाहिजे, आणि माझ्या लेखाचा सगळा भर त्यावरच होता: बिघडल्यावर ती किती दिवसांत घरी परत येते? कारण वॉरंटी पैसे भरून देते, दिवस भरून देत नाही. कोणत्याही गाडीचे वॉरंटीचे पुस्तक उघडून अपवादांचे पान वाचा. क्लच, ब्रेक पॅड, वायपर यांसारखे झिजणारे भाग त्यात नसतात, आणि गाडी उभी राहिल्यामुळे झालेला इतर खर्च, म्हणजे तेवढे दिवस केलेल्या टॅक्सीचे पैसे, तेही नसतात. त्या कुटुंबातील आजोबांना आठवड्यातून ठरावीक दिवशी फिजिओथेरपीसाठी धंतोलीला न्यावे लागते. गाडी तीन आठवडे वर्कशॉपमध्ये राहिली, तर इंधनावर वाचवलेल्या पैशांचा बराच भाग त्या तीन आठवड्यांत टॅक्सीवर जातो, आणि मनस्ताप वेगळाच.

नागपुरात हा प्रश्न पुण्यापेक्षा तीव्र आहे. पुण्याच्या दाराशी चाकणची वाहनउद्योगाची वसाहत आहे. आपल्याकडे मात्र जो भाग शेल्फवर नाही तो दूरच्या गोदामातून मागवावा लागतो. ज्या कंपन्यांची शहरात चार-पाच सेवाकेंद्रे आहेत आणि ज्यांचे भाग बाजारातही मिळतात, त्यांची गाडी मेडिकल चौकातला चांगला मेकॅनिकही दुपारपर्यंत दुरुस्त करून देतो. ज्यांचे एकच केंद्र आहे, त्यांच्याकडे सगळी भिस्त त्या एका केंद्रावर. म्हणून मी वाचकांना नेहमी सांगतो की शोरूमला जाण्याआधी सेवाकेंद्रावर जा, तेही सकाळी नऊच्या सुमारास, गाड्या आत घेतल्या जात असताना. मागच्या आवारात बघा. काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसलेल्या, वायपरखाली जॉबकार्डचा कागद उन्हाने पिवळा पडलेल्या गाड्या किती आहेत आणि त्यांत आपल्याला घ्यायचे आहे तेच मॉडेल आहे का, हे पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. मग काउंटरवर तीन भागांचे दर आणि ते किती दिवसांत मिळतील, हे विचारा: पुढचा हेडलॅम्प, एसीचा कॉम्प्रेसर आणि क्लच संच, गाडी ऑटोमॅटिक असेल तर क्लचऐवजी गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा दर. हेडलॅम्प यासाठी, की शहरात तो सहज फुटतो आणि हल्लीच्या एलईडी हेडलॅम्पमध्ये बहुधा पूर्ण संच बदलावा लागतो. उत्तर देताना सल्लागार संगणकात बघून दिवस सांगतो, की ‘येऊन जाईल साहेब’ म्हणतो, यातून बरेच काही कळते.

आपण दुसरा पर्याय म्हणून टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक सुचवली आहे. महामार्गावर ती गाडी चालवण्यात आनंद आहे, यात वाद नाही. पण त्यातल्या काही गाड्यांत ड्राय ड्युअल क्लचचा, म्हणजे दोन कोरड्या क्लचचा, गिअरबॉक्स येतो. त्या रचनेत क्लचच्या तबकड्या तेलात बुडालेल्या नसतात, त्यामुळे त्यांची उष्णता हवेनेच निघून जावी लागते. मे महिन्यात ४५ अंशांत बर्डीपासून इतवारीपर्यंत गाडी फूट-फूट सरकत असताना क्लच अर्धवट घसरत राहतो आणि बाहेरची हवाच तापलेली असते. गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना अशाच वेळी येते. ऑटोमॅटिक हवीच असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून जोर पोचवणारी) किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी) घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कुटुंबात चालवणारे दोघेही मॅन्युअलला सरावलेले आहेत, म्हणून मी तो खर्च त्यांच्या माथी मारला नाही. डिझेलचा आग्रह आपण धरलेला नाही, तरी इतर वाचकांसाठी लिहितो: बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या डिझेल गाडीतला पार्टिक्युलेट (काजळी अडवणारा) फिल्टर स्वतःला साफ करायला सलग वेगात धावणे मागतो, आणि शाळा, बाजार, दवाखाना एवढेच अंतर धावणाऱ्या गाडीत तो तुंबतो.

उन्हाचा मुद्दा इलेक्ट्रिक गाडीलाही लागू आहे, पण उन्हात बॅटरी टिकत नाही, या ज्या भीतीचा आपण उल्लेख केला आहे ती मी पसरवलेली नाही. द्रवाने थंड ठेवली जाणारी बॅटरी नागपूरचा उन्हाळा सोसते, आणि अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. माझी अडचण एवढीच आहे की एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलर आणि एसीमुळे वीजबिल आधीच वरच्या टप्प्यात गेलेले असते. त्याच घरगुती मीटरवर गाडी चार्ज केली, तर गाडीचे युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात पडतात. म्हणून स्वतंत्र मीटर घेणे आवश्यक आहे आणि आपण तो घेतला आहे, हे इतर वाचकांनी लक्षात घ्यावे.

इथेनॉलबद्दल आपण लिहिले आहे की ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मुळे पेट्रोल गाडीचे एव्हरेज घसरते, तेव्हा माझे आकडे फुगवलेले आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट सांगितली होती. आपल्या शहराचे खासदार या धोरणाचे सर्वांत ठाम पुरस्कर्ते असल्याने येथे हा विषय लगेच राजकारणाकडे वळतो. मला त्यात जायचे नाही. मी १५ चे एव्हरेज धरले ते कंपनीने छापलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ खाली आहे आणि त्यात ही घट धरलेली आहे. जुनी गाडी ठेवणाऱ्यांनी मात्र इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात.

सुरक्षिततेकडे मी दुर्लक्ष केले, हा आरोप मला लागला, म्हणून त्यावर थोडे थांबतो. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांच्या अपघात-चाचणीचा आपल्याकडचा कार्यक्रम, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला आणि त्यात प्रौढ व लहान मुले यांचे स्टार वेगळे दिले जातात. मी सुचवलेल्या तिन्ही गाड्या निवडण्याआधी हे दोन्ही आकडे पाहिलेले होते, कारण माझ्या लेखी स्टार हा प्रवेशाचा उंबरठा आहे; त्याच्या आत न येणाऱ्या गाडीची पुढची चर्चाच करायची नाही. पण आत आल्यावर पाच जणांच्या घराने आणखी एक गोष्ट पाहावी, जी शोरूममध्ये क्वचित कोणी पाहते. मागच्या सीटवर मधल्या जागी बसा आणि पट्टा ओढून पाहा. तो तीन ठिकाणी अडकणारा आहे की फक्त कमरेचा? त्या जागेला डोके टेकवायला आधार आहे का? त्या घरात मध्ये बसणार आहे ती चौदा वर्षांची मुलगी, आणि समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने जाताना तिच्यासाठी एकूण स्टारइतकाच तो पट्टा महत्त्वाचा आहे.

सीटची उंची मी मोजायला सांगितली, तेही याच भावनेने. आजोबांचे गुडघे दुखतात. सीट फार खाली असेल तर उठताना दाराला लटकावे लागते, फार उंच असेल तर पाय उचलून आत घ्यावा लागतो. त्यांनाच शोरूममध्ये नेऊन चारदा बसवा-उठवा, याहून चांगली चाचणी मला ठाऊक नाही. डिकीचे तसेच, चाकाची खुर्ची घडी करून आत जाते की नाही, हे लिटरच्या आकड्यावरून कळत नाही. सीएनजी मी याच कारणाने बाजूला ठेवला, कारण साधी टाकी अर्धी डिकी खाते, आणि नागपुरात २०२२ मध्ये हा गॅस टँकरने आणावा लागत असल्याने त्याचा दर किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता, हे अनेकांच्या लक्षात असेल.

जमिनीपासूनच्या उंचीवर मी दिलेला भर आपल्याला अनाठायी वाटला. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांनी कितीतरी वस्त्यांत घरांची फाटके रस्त्याच्या खाली गेली आहेत, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी व नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत उभ्या गाड्यांचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. उंच गाडीही अशा पुरात वाचत नाही, हे मान्य. पण फाटकाच्या उतारावर दररोज बंपर घासणे वाचते. पुराच्या बाबतीत उपयोगी पडतो तो विमा. पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारल्यामुळे इंजिन गेले, तर साधी पॉलिसी बहुधा ते नुकसान नाकारते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. ती त्या कुटुंबाच्या कोटेशनमध्ये मी आवर्जून घालायला लावली आहे.

आपल्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. वर्षभरात आपल्या गाडीला एखादा भाग बाहेरगावाहून मागवावा लागला असेल, तर कोणता, तो किती दिवसांत आला आणि तोवर गाडी चालत होती की उभी होती, हे कृपया कळवा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत नागपूरच्या वाचकांकडून मिळालेली अशी माहिती माझ्याकडे फारच थोडी आहे. आपण लिहिलेत, तर मी ती मूळ लेखाखाली आपल्याच शब्दांत देईन. ते कुटुंब महिनाअखेरीस बुकिंग करणार आहे, तेव्हा त्याआधी मिळाली तर त्यांनाही वाचता येईल.