कॉफी मागितली होती, कोडं नव्हे!

आमच्या इंदूरच्या कॉलनीत रात्री उघडणारं एक 'हटके' कॅफे आहे. हटके म्हणजे काय, तर बसायला स्कूटरची जुनी सीट, तिची स्प्रिंग बाहेर आलेली. मेनू? स्कॅन करा. रेंज नाही? मग वायफायचा पासवर्ड काउंटरवर विचारा. काउंटरवाला? कानात हेडफोन घालून समाधीत!

पदार्थांची नावं तर काय विचारता! 'तुटलेलं मन', 'सोमवार सकाळ'. हा केक आहे की सूप? पोरगा म्हणतो, "भिया, सरप्राइज है!" अरे बाबा, खिशातले पैसे माझे, सरप्राइज कसलं देतोस?

एस्प्रेसो मुळातच जेमतेम 30 मिलिलिटर. ती आणली परीक्षानळीत! धरायची कुठं? बोटं भाजली. साखर मागितली तर असा बघतो, जणू त्याची किडनीच मागितली. मग धूर सोडत रबडी चीजकेक येतो. आम्ही चमचा उचलून थांबलेलो, कारण शेजारच्या टेबलाला आधी व्हिडिओ काढायचाय. धूर विरल्यावर दिसतो दोन घासांचा तुकडा!

अहो, राजवाड्यामागे सराफा आहे ना! दिवसा सोनं, रात्री दुकानांची शटर पडली की तिथंच जलेबा, मालपुआ, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद. मालपुआ मागितला की मालपुआच मिळतो, आणि तोही गरम!

इथं बिलात वर 'अ‍ॅम्बियन्स चार्ज'. कशाचा, त्या स्प्रिंगचा? आणि निघताना तोच पोरगा: "भिया, पाँच स्टार दे देना!" देतो हं. आधी घरी जाऊन कॉफी पितो.